एका शब्दासाठी औरंगाबाद

औरंगाबादला लोक लेणी बघायला जातात, मकबरा बघायला जातात, नाहीतर कारखान्यात नोकरी लागली म्हणून जातात. मी गेलो तो एका इंग्रजी गाण्यातला एक शब्द तपासायला. घरात हे कारण सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग पत्रानं विचार की." पत्रानं विचारून झालं होतं. सहा वर्षं आम्ही पत्रांतूनच भांडत होतो.

मी कोल्हापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी 'टिन हार्बर' या इंग्लंडातल्या रॉक बँडची कॅसेट ऐकली आणि तिथून ते वेड लागलं. एका बंदराच्या गावातली ही पाच माणसं आमच्या जन्माच्या सुमारास गायला लागली आणि आमचे केस मागे हटायला लागले तरी गातच होती. कोल्हापुरात या विषयावर माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. मग एकदा मुंबईहून निघणाऱ्या इंग्रजी संगीताच्या मासिकात चार ओळींचं पत्र दिसलं. खाली नाव होतं : उत्तम साळवे, प्रेस ऑपरेटर, चिकलठाणा, औरंगाबाद. इंग्रजी मोडकं होतं आणि संपादकानं गंमत म्हणून ते तसंच छापलं होतं. पण म्हणणं स्पष्ट होतं. बँडच्या नव्या रेकॉर्डमध्ये वाजवणं वाढलंय आणि सांगणं कमी झालंय. मला ते पटलं. मी मराठीत पत्र टाकलं, आठवड्यात उत्तर आलं.

आमचा मोठा वाद एकाच ओळीवर होता. त्यांच्या सगळ्यात जुन्या गाण्याच्या शेवटी गायक एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो. माझ्या मते ती 'गिव्ह मी बॅक माय रेन', म्हणजे माझा पाऊस मला परत द्या. मासिकात छापलेल्या शब्दांतही तेच होतं. साळव्यांचं म्हणणं, तो 'रेन' म्हणत नाही, 'नेम' म्हणतो. माझं नाव मला परत द्या. छापणाऱ्याची चूक आहे. दोन-तीन वर्षं असं चाललं, आणि एकदा कंटाळून मी लिहिलं, "साळवे, आता कान साफ करून घ्या."

त्यानंतर पाच महिने पत्र आलं नाही. मग एक कार्ड आलं. "मास्तर, शफीभाईकडं दुबईच्या कार्यक्रमाची कॅसेट आलीय. तिथं तो ही ओळ वाद्यं थांबवून म्हणतो. शब्द उघडा पडतो. टपालानं पाठवणार नाय. दिवाळीत या." शफीभाई म्हणजे त्यांचे तिथले मित्र, आमच्यासारखेच या बँडचे वेडे.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीची ही दिवाळीची सुट्टी.

स्टँडवर

सकाळी गाडीतून उतरलो तर स्टँडबाहेर रिक्षा नाही, सिटी बस नाही, चहाचा एकही गाडा नाही. शहर बंद होतं. विद्यापीठाच्या नावावरून कुणी नाव द्या म्हणून बंद पुकारी, कुणी देऊ नका म्हणून. त्या दिवशीचा बंद कुणाचा होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ओळखीसाठी मी पुठ्ठ्यावर बँडचं चिन्ह रंगवून आणलं होतं, निळ्या पाण्यातला पांढरा दीपस्तंभ. तो पुठ्ठा छातीशी धरून मी फलाटावर फिरत होतो. लोक बघत होते. कसल्या मोर्च्यातला माणूस असावा असं त्यांना वाटलं असणार, कारण एका पोलिसानं जवळ येऊन पुठ्ठा नीट वाचायचा प्रयत्न केला. शेवटी खांबाशी सायकल धरून उभा असलेला एक सडपातळ माणूस दिसला. सायकलच्या मडगार्डवर तोच दीपस्तंभ होता, ऑइलपेंटनं काढलेला, जरा वाकडा. त्याची पाठ माझ्याकडे होती.

"साळवे," मी हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा शेजारची दोन माणसं वळली, हा नाही. चारशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाशी हे काय वागणं, असं मनात आलं. मी जाऊन खांद्याला हात लावला. तो दचकला, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की माझा राग तिथंच विरघळला.

"मास्तर. गर्दीत समजलं नाय," तो म्हणाला. स्टँडवर गर्दी नव्हती.

माझी पिशवी कॅरिअरला बांधून आम्ही जालना रोडनं मुकुंदवाडीकडे चालत निघालो. बंद दुकानांच्या रांगा, मधूनच पोलिसांची गाडी, आणि दोन्ही बाजूंना भिंतींवर तेच एक भांडण, कुठं निळ्या रंगात, कुठं भगव्या, एकमेकांवर फासलेलं. उत्तमराव माझ्या डाव्या हाताला चालत होते. मी एकदा सायकलला वळसा घालून पलीकडे गेलो तर तेही सायकल फिरवून पुन्हा माझ्या डावीकडे आले. मला वाटलं, रस्त्याच्या बाजूला पाहुणा नको म्हणून.

पत्रांत हा माणूस पान पान भांडायचा. समोर मात्र मी बोलत होतो आणि ते हसून मान हलवत होते. "ड्रमवाला बदलल्यापासून दौऱ्यात मजा राहिली नाही, तुम्हाला काय वाटतं?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "व्हय, व्हय, आता आलंच घर." घर यायला अजून तासभर होता.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. उत्तमरावांच्या बायकोनं, कांतावहिनींनी, दारातच पाण्याचा तांब्या दिला. पाणी दिवसाआड येतं, म्हणून घरातली सगळी भांडी भरून ठेवलेली होती, कढईसुद्धा. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे नवं. मी हात धुताना चुकून दुसरा तांब्याही ओतला. वहिनींनी रिकामा तांब्या उचलून आत नेला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. भाजलेली धान्यं आणि मसाला एकत्र दळून ठेवतात, त्याला येसर म्हणतात. ते पाण्यात कालवून उकळायचं, वर लसणाची फोडणी. आमच्याकडे तिखट म्हणजे लाल रंग आणि वर तेलाचा तवंग. ही आमटी दिसायला गरीब होती. पहिल्या घासाला काही वाटलं नाही, तिसऱ्या घासाला नाकातून पाणी आलं. उत्तमराव म्हणाले, "कोल्हापूरचं माणूस रडलं." वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.

शहागंज

दुसऱ्या दिवशी शहर उघडलं. उत्तमरावांची पहिली पाळी होती. ती सुटायच्या वेळेला मी कारखान्याच्या फाटकाजवळ जाऊन थांबलो. प्रेस म्हणजे पत्रा ठोकून आकार देणारं यंत्र, हे मला पत्रांतून माहीत होतं. पण त्याचा आवाज माहीत नव्हता. भिंतीच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभा असतानाही प्रत्येक ठोक्याला छातीत धक्का बसत होता. मी दहा मिनिटांत तिथून लांब गेलो. उत्तमराव तिथं अकरा वर्षं काम करत होते.

पाळी सुटल्यावर आम्ही शहागंजला शफीभाईंच्या दुकानात गेलो. शफीभाई घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग, पुढ्यात चिमटे, आणि मागच्या फळीवर टिन हार्बरच्या सगळ्या कॅसेटी वर्षवार लावलेल्या. दुबईतल्या त्यांच्या मेव्हण्यानं कोटाच्या खिशात रेकॉर्डर लपवून तो कार्यक्रम टिपला होता. मला बघताच त्यांनी भिंग काढून ठेवलं.

"आओ मास्तर. सुना तुम लफ्जां के पीछे कोल्हापूर से आए. लफ्जां में क्या रखा है? ढोल सुनो, ढोल."

त्यांनी जवळच्या हॉटेलातून नान खलिया मागवला. पिवळसर, मऊ, ताटाएवढे नान आणि मटणाचा रस्सा. नान फाडून रश्श्यात बुडवायचा आणि बोलत बोलत खायचा. आमचा तांबडा रस्सा मी आयुष्यभर श्रेष्ठ मानला आहे, अजूनही मानतो, पण त्या दिवशी मी तिसरा नान मागितला हेही खरं.

आणि मग वाद सुरू झाला, ज्याची मी सहा वर्षं वाट बघत होतो. शफीभाईंचं मत, रेकॉर्ड म्हणजे कारखान्यातला माल, सगळे नग सारखे. बँड खरा कळतो तो दौऱ्यात. दर गावी तेच गाणं वेगळं होतं, कधी गायक दमलेला असतो, कधी ओळ विसरतो. मी म्हणालो, पन्नाशीच्या माणसांनी विशीतली गाणी गात गावोगाव हिंडू नये, आता थांबावं. शफीभाईंना ते लागलं.

"क्यूँ थांबना? मैं पचपन का हूँ. घड्याळां खोलना बंद करूँ?"

"तसं नाही, शफीभाई. आवाज गेला की गाण्यात काय उरतं?"

हे मी बोलून गेलो. शफीभाईंनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते, शाळेत मागच्या बाकावरून फळा न दिसणारं पोर बघतं तसे. मग ते हसून म्हणाले, "शब्द पहिले. ढोल नंतर," आणि चहा सांगायला उठून गेले. प्रश्न काही वेगळाच होता.

शफीभाई खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, उसको सुनाई नहीं देता अब. मशीन खा गई कान. डावा तो पूरा गया, उजव्या में थोडा है. किसी को बोलता नहीं. मैं दोस्त हूँ, मेरे को भी नहीं बोला, मैंने पहचाना."

स्टँडवरच्या तीन हाका मला आठवल्या. आणि त्याहून आधी माझं ते पत्र आठवलं. कान साफ करून घ्या. नान हातातच राहिला. उत्तमराव तीन कप चहा घेऊन आले आणि म्हणाले, "थंड करू नका, मास्तर." मी चहा प्यायलो. तोंड भाजलं तरी कळलं नाही.

लेण्यांच्या पायऱ्यांवर

तिसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. कॅसेट घरीच होती, पण घरात ऐकायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "शेजारी वेल्डिंगचं दुकान हाय. वर लेण्यांकडं जाऊ, तिथं आवाज नाय." वहिनींनी भाकरी बांधून घेतल्या आणि आम्ही तिघं निघालो. विद्यापीठाच्या फाटकावरून गेलो. फाटकापाशी पोलिसांचा तंबू होता आणि दोन पोलिस खाटेवर बसून शेंगा सोलत होते. उत्तमराव तिथं क्षणभर थांबले, कमानीकडे पाहिलं आणि पुढं चालू लागले.

लेणी डोंगराच्या पोटात आहेत. पावसाळ्यानंतरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. वहिनी आधी आत जाऊन बुद्धापुढं हात जोडून आल्या. बाहेरच्या पायरीवर आम्ही बसलो. खाली विद्यापीठाची झाडी, पलीकडे मकबऱ्याचा पांढरा घुमट, आणि लांब पूर्वेला कारखान्यांची धुराडी. उत्तमरावांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"मास्तर, एक सांगायचं हाय. मला आता ढोल कळतो. शब्द कळत नाय. तोंड हलल्यावर अंदाज करतो. ही कॅसेट मी महिनाभर ऐकतोय, कान टेकवून. तिथं वाद्यं थांबल्यावर मला काहीच येत नाय. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही ऐका आणि मला सांगा."

मी म्हणालो, "उत्तमराव, मी ते कानाचं लिहिलं होतं..."

"ते नंतर. आधी ऐका."

आणि बटण दाबायच्या आधी त्यांनी थोडं सांगितलं. पाचोडच्या बाजारापुढं त्यांचं गाव. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला त्या साली दंगलीत गावातली त्यांची वस्ती जळाली. ते तेव्हा पंधरा वर्षांचे. घरात एक ट्रान्झिस्टर होता, परदेशी स्टेशनं लागायची, त्यावर हे गाणं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. घर गेलं, ट्रान्झिस्टर तेवढा वडिलांनी बाहेर काढला. शहरात आल्यावर नातेवाइकांच्या पडवीत असताना ते गाणं पुन्हा लागलं.

"इंग्रजी येत नव्हतं. एकच शब्द कळला, नेम. आसपास लोक दिवसभर तेच बोलायचे, नाव, नाव. मला वाटलं, इंग्लंडातल्या माणसालाबी माहीत हाय."

मी बटण दाबलं. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी खोकलेलं. गाणं आलं. ढोल सुरू होताच उत्तमरावांचं बोट गुडघ्यावर चालायला लागलं, ठोक्याला ठोका बरोबर. मग वाद्यं थांबली, बोटही थांबलं. गायक एकटा ती ओळ म्हणाला. आवाज थकलेला होता आणि शब्द काचेसारखा स्वच्छ होता. रेन. तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा रेन.

मी टेप बंद केला. खाली कुठंतरी शेळ्यांच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"काय म्हणतो?" उत्तमरावांनी विचारलं.

"नेम," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सांगताना तुम्ही खाली बघितलं, मास्तर."

वहिनी भाकरीची गाठ सोडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "रेन म्हणतोय तो. मी सातवी शिकलेली, पण एवढं कळतं मला. ह्यांना किती बार सांगितलं, तर म्हणले, मास्तर सांगतील." मग त्यांनी तोच शब्द नवऱ्याच्या उजव्या कानाजवळ जाऊन सांगितला, सावकाश.

उत्तमरावांनी टेपरेकॉर्डर उचलून पिशवीत ठेवला. मला वाटलं, आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं. पण ते हसायला लागले, आधी हळू, मग खांदे हलवत.

"पंधरा वर्सं मी चुकीचं गाणं म्हणतोय," ते म्हणाले. "पण चांगलं होतं की नाय माझं गाणं?"

"तुमचंच चांगलं आहे," मी म्हणालो. या वेळी मी खाली बघितलं नाही.

मी पत्राबद्दल माफी मागितली. त्यांनी ती सहज घेतली नाही, हेही सांगायला हवं. म्हणाले, "लई लागलं होतं ते. पाच महिने पेन उचललं नाय. कानाचं मास्तरांना कुणी सांगितलं, असं वाटलं. नंतर ध्यानात आलं, तुम्हाला माहीतच नव्हतं. मग दवाखान्यात गेलो." डॉक्टरांनी सांगितलं होतं की प्रेस ताबडतोब सोडा, नाहीतर उजवाही जाईल. ते सांगून दोन महिने झाले होते आणि उत्तमराव रोज प्रेसवरच जात होते.

"का?" मी विचारलं.

ते भाकरीचा तुकडा मोडायला लागले. उत्तर वहिनींनी दिलं. "डॉक्टरचा कागद साहेबाला दिला तर कामाला नालायक म्हणून काढतील, असं वाटतं यांना. अकरा वर्सं लागली ऑपरेटर व्हायला. भाऊजी, माझं ऐकत नाय. तुम्ही बोला. तुमच्याशी भांडायला आवडतं यांना."

म्हणून आम्ही भांडलो. बुद्धाच्या दारात, भाकरी आणि ठेचा खात, चांगला तासभर. मला त्यांच्या उजवीकडे बसून मोठ्यानं बोलावं लागत होतं आणि माझा आवाज लेण्यात घुमून परत येत होता. ते म्हणाले, खात्यात दुसरीही पाच-सहा जणं बहिरी झालीत, कुणी बोलत नाय. मी म्हणालो, मग पहिलं तुम्ही बोला. ते म्हणाले, कोल्हापुरात बसून बोलायला काय जातं. हे खरं होतं. वहिनी मध्ये म्हणाल्या, "मला तुमच्याशी ओरडून बोलावं लागतं. शेजारणींना वाटतं, घरात रोज कटकट हाय. मला हळू बोलायचंय तुमच्याशी. अजून थोडं येतंय तोवर."

उत्तमरावांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "काय म्हणली?" त्यांनी मला विचारलं. वहिनी हळूच बोलल्या होत्या. मी त्यांच्या कानाशी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्याच्या बायकोचं असं वाक्य तिच्या नवऱ्याच्या कानात सांगताना मला फार संकोच वाटला, पण या वेळी मी एकही शब्द बदलला नाही. उत्तमराव पुन्हा सांगा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

उतरताना ते माझ्या डावीकडे न चालता वहिनींच्या डावीकडे चालत होते.

निघताना

चौथ्या दिवशी सकाळी उत्तमरावांनी प्रेसवरून बदली मागणारा अर्ज लिहिला, मराठीत, स्वच्छ अक्षरात. मी शुद्धलेखनसुद्धा तपासलं नाही. दवाखान्याचा कागद जोडला आणि सायकलवर निघून गेले. शफीभाई मला स्टँडवर सोडायला आले. त्यांनी त्या दुबईच्या कार्यक्रमाची नक्कल करून दिली होती. वहिनींनी येसराचा डबा दिला आणि कालवायचं पाणी किती, हे दोनदा सांगितलं. गाडी सुटेपर्यंत उत्तमराव आले नाहीत. साहेबांनी त्यांना बाहेर बसवून ठेवलं होतं, हे मला पत्रातून कळलं.

दोन महिने त्यांना झुलवलं. मग जानेवारीत, नामांतर झालं त्याच आठवड्यात, त्यांना प्रेसवरून काढून तपासणी खात्यात घातलं. त्या पत्रात नामांतराबद्दल एवढंच होतं की ते दोघं कमानीपाशी जाऊन आले, गर्दी लई होती आणि कांताची चप्पल हरवली. बाकी सगळं पत्र बँडच्या नव्या दौऱ्याबद्दल होतं. शफीभाईंशी भांडण झालं होतं आणि मी उत्तमरावांची बाजू घ्यावी असं म्हणणं होतं. डावा कान परत आला नाही. उजवा आहे तेवढा राहिला.

पत्राच्या शेवटी समासात आडवं लिहिलं होतं : "प्रेसवर नवी पोरं आलीत. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी मी स्वतः जाऊन त्यांच्या कानात कापसाचे बोळे घालतो. नको म्हणतात. ती मला शिव्या देतात, असं बाकीचे सांगतात. मला कुठं ऐकू येतंय?"